अप्पांच्या गाडीचा खोकला

नवं इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं, आणि इतकं गुपचूप चालू लागलं की धाकट्याने कपाळावर हात मारला.

दुसरा कुणी मेकॅनिक असता तर गॅरेजभर नाचला असता. अप्पांची ती म्हातारी गाडी, आणि तिच्या बॉनेटखाली अपघातात चेपलेल्या नव्या गाडीचं टर्बो इंजिन. रेडिएटर बदलावा लागला, टर्बोच्या पाइपांना जागा करताना दोन्ही कोपरं सोलून निघाली, वायरिंगने तर जीव खाल्ला. तरी सगळं जमलं होतं. फक्त अप्पांना ते कळता कामा नव्हतं.

"इंजिनाला हात लावायचा नाही," अप्पांनी बजावून ठेवलं होतं. "तुझ्या आजोबांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, आता मी तुझ्याकडून घेतोय."

धाकट्याने शब्द दिला होता. पण अप्पांना दर आठवड्याला टेकडीपलीकडच्या इस्पितळात न्यावं लागायचं आणि दुसऱ्या गाडीत ते पाय ठेवायचे नाहीत. गेल्या खेपेला जुन्या इंजिनाने ऐन चढावर मान टाकली. भर ऊन, अप्पांना धाप लागलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ. बाप आता हातातून जातो, असं धाकट्याला खरंच वाटलं होतं. इस्पितळ जवळ पडेल म्हणून त्याने अप्पांना थोडे दिवस ताईकडे ठेवलं, आणि त्यांची पाठ वळताच शब्द मोडला.

अप्पांना दिसत नव्हतं, तेवढंच काय ते सोपं होतं. खरी पंचाईत त्यांच्या कानांची. "आपल्या घराण्यात डोळे लवकर जातात, कान जात नाहीत," असं ते ऐटीत सांगायचे. पावलांवरून माणूस ओळखायचे. ही गाडी तर गल्लीच्या तोंडाशी आली की ते काठी शोधायला लागत. तिच्या आवाजात एक खरखर होती. तिला अप्पा 'माझ्या बापाचा खोकला' म्हणायचे.

त्यावर तोडगा काढला करंटने. हा धाकट्याचा मित्र, गाड्यांची वायरिंग करणारा. झटके खाऊन खाऊन हे नाव पडलेलं. जुनं इंजिन काढण्याआधी त्याने त्याचा आवाज रेकॉर्ड करून घेतला होता. आता तो बॉनेटखाली डोकं घालून स्पीकर बसवत होता.

"पेडल दाबलं की आवाज चढेल, सोडलं की उतरेल," तो आतूनच म्हणाला. "अप्पांचे अप्पा आले तरी फसतील."

"तोंड आवर, हात चालव."

"तू आधी एका जागी बस बघू."

धाकटा कसला बसतोय! काही सुचेना म्हणून तो कोपरा आवरायला लागला. जुनं इंजिन ताडपत्रीखाली होतं. ते काढताना, ज्या पट्ट्यांवर ते बसलं होतं तिथे कधीकाळचं वेल्डिंग दिसलं होतं. तडा गेला असेल, अप्पांनीच सांधला असेल. शेजारी कापलेला सायलेन्सर पडला होता, आणि त्याच्या पोटातून निघालेला पत्र्याचा तुकडा, एकाच टोकाला रिव्हेट मारलेला, दुसरं टोक मोकळं. भोक बुजवायचं काहीतरी जुगाड असणार. धाकट्याने तो तुकडा भंगारात भिरकावला.

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अप्पा ऐकत नाहीत रे. घरी जायचंय म्हणतात, ते पण आजच."

"अजून दोन दिवस थांबवून ठेव ना!"

"माझं कधी ऐकलंय त्यांनी? दारात जाऊन उभे राहिलेत."

धाकटा पोहोचला तेव्हा अप्पा खरंच दारात होते, मान एका बाजूला कलती. गाडी थांबली. त्यांनी चाचपडत बॉनेटवर हात ठेवला.

"आली गं बाय माझी," ते म्हणाले.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही, कारण पुढे टेकडी होती.

चढ लागला. नवं इंजिन उधळायला बघत होतं. धाकटा पायाचा अंगठा आखडून पेडल धरून बसला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला.

"सेकंड टाक," अप्पा म्हणाले. "इथे तिला सेकंड लागतो."

तिला आता काहीएक लागत नव्हतं. धाकट्याने निमूट सेकंड टाकला.

"खोकतोय बघ माझा बाप," अप्पा गालात हसले.

"हो ना."

"बरीच जोमात आहे आज."

"तेल बदललं, अप्पा."

"तेल? बरं, बरं."

आणि पुढच्याच वळणावर चाक खड्ड्यात आदळलं. बॉनेटखाली खट्ट झालं आणि आवाज थांबला. साफ थांबला. गाडी मात्र तशीच मजेत चढत राहिली, टर्बोची बारीक शीळ घालत.

धाकट्याने पेडल सोडलं, दाबलं. काही नाही. अप्पांकडे बघायची त्याची हिंमत होईना. आता ते गाडी थांबवायला सांगतील, उतरतील, पुन्हा हिच्यात बसणार नाहीत, इस्पितळात जाणार नाहीत. आणि सगळं आपल्यामुळे.

टेकडीचा माथा आला. एवढ्या वर्षांत गाडी तिथे कधी इतक्या लवकर पोहोचली नव्हती.

"स्पीकर लावला होतास का?" अप्पांनी विचारलं.

"हो." त्याच्याच्याने खोटं बोलवेना. "अप्पा, चुकलं माझं."

"चुकलंच." अप्पांनी डॅशबोर्ड हलकेच थोपटला. "सायलेन्सरमधला माझा पत्रा काढायला नको होतास. तो कधी बंद पडला नाही. मी इंजिन बदललंय, असा तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत संशय आला नाही."