बाटलीचा टेकू

सुनेने टॉवेलची गुंडाळी करून बाळाच्या गालाशी लावली, तिच्यावर दुधाची बाटली टेकवली आणि ती भाजी निवडायला बसली.

"अगं, मांडीवर घेऊन पाज की त्याला!" सासूबाई ओरडल्याच.

"का हो आई? अनाथाश्रमात आम्ही सगळे असंच दूध प्यायलो. बारा बाळं, एक मावशी. पुढे मीसुद्धा धाकट्यांना असंच पाजायचे." काय चुकलं, ते तिला खरंच कळलं नव्हतं.

सासूबाईंचा राग विरला. त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि मागे बसून तिला छातीशी टेकवून घेतलं. ती आधी लाकडासारखी ताठ झाली. मग हळूहळू सैलावली.

बाटली संपली, बाळ झोपलं. सासूबाई उठायला गेल्या, तर त्यांचं बोट सुनेच्या मुठीत घट्ट होतं.