उष्णता आधी पोचते

पडद्यावर आलेला आलेख हेमांगीनं लगेच ओळखला. ताऱ्याच्या स्फोटानं अवकाशातल्या वायूत उसळलेली आघात-लाट पोचण्याआधीच तिची उष्णता पुढे झिरपते आणि समोरचा थंड वायू तापवून ठेवते, हे त्यात दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी तिनंच तो काढला होता. तेव्हा शेजारच्या टेबलावरचा गिरिधर कळवळून म्हणाला होता, "अगं, ही प्रोग्रॅममधली चूक आहे. यात पीएचडी घालवू नकोस." मित्राचं ऐकून तिनं ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं.

आज परिषदेत तोच गिरिधर ते स्वतःचं म्हणून मांडत होता.

पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ संशोधक बाईंनी विचारलं, "वायू इतका विरळ असताना उष्णता किती वेगानं वाहू शकते, याला मर्यादा असते. ती तुम्ही कशी धरलीत?"

गिरिधर अडखळला. सवयीनं त्याची नजर हेमांगीकडे वळली. आपलं गणित असं लंगडं पडलेलं तिला बघवेना. ती उठली, माइक घेतला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. बाईंनी समाधानानं मान हलवली.

"थँक्स, हेमांगी," गिरिधर हसत सभागृहाला म्हणाला. "हिची आम्हाला फार मदत होते."

माइक अजून तिच्याच हातात होता.

"मदत नाही, गिरिधर," ती म्हणाली. "हे काम माझं आहे."

गिरिधर मान खाली घालून पुढची स्लाइड शोधत राहिला.