कुंपणालगतचं खुराडं

तिसरी कोंबडी मंगळवारी सकाळी मेली, आणि मोजणी बुधवारी होती.

गौराबाईने तिच्या पायातली नंबराची रिंग काढून कनवटीला लावली आणि मेलेली कोंबडी नाल्यात सोडून दिली.

"जने, मी चौकच्या बाजाराला जाऊन येते," ती सुनेला म्हणाली. "पोल्ट्रीवाला पायलीभर तांदळाला पांढरी कोंबडी देतो."

"आत्या, या टायमाला सांगून टाकू ना डॉक्टरला. मेली म्हणून."

"आणि तो मानंल? गरिबाची कोंबडी मरत नाय गं. त्यानं खाल्ली, असंच लिवतात हे लोक."

सरकारी कोंबड्या सहा होत्या. गौराबाईचं घर लोधिवलीच्या अलीकडे, रंगाच्या कारखान्याच्या कुंपणाला चिकटून. आणीबाणी उठली त्या वर्षी कारखान्याचा पिवळा धूर खाली उतरायला लागला, तशी चार वर्षांची नात सोनी दम्याने बेजार झाली. दहा पावलं चालली की खाली बसायची. दवाखान्यात सांगितलं, पोरीला रोज अंडं द्या, नाहीतर हाती लागणार नाही. कुठून द्यायचं, ते कोणी सांगितलं नाही.

तेवढ्यात खालापूरचे गुरांचे डॉक्टर झहीर खुराडं घेऊन दारात आले. अंडी तुमची, म्हणाले. पण कोंबडी विकली किंवा खाल्ली तर सगळ्या परत नेणार. मेली तर फेकायची नाही, मला दाखवायची. आणि खुराडं कुंपणालाच राहील, तिथून हलवायचं नाही.

"कुंपणालाच का रं?" गौराबाईने मुलाला विचारलं होतं.

गजा हसला. "वाचमनची नजर राहावी म्हणून. आये, सरकारनं तुला कोंबड्या नाय दिल्या, तुझ्यावर पहारा बसवलाय."

तेव्हापासून डॉक्टर दर बुधवारी यायचे. सहा भरल्या की त्यांचं तोंड पडायचं. चोर हाती न लागल्यावर शिपायाचं पडतं तसं. गौराबाईने ते बरोबर हेरलं होतं.

या बुधवारी डॉक्टर एकटे नव्हते. कंपनीचा साहेब जीपमधून उतरला आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला. डॉक्टरांनी कोंबड्या दोनदा मोजल्या. एकेक पाय धरून रिंग पाहिली.

"सगळ्या जिवंत?"

"तुमचे डोळे काय घरी ठेवून आलाव?"

"तीन महिन्यांत एकही मेली नाही?"

"मेली असती तर तुमी आमाला फाशी दिली असती."

साहेब फसकन हसला. डॉक्टर मात्र तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, खरं सांगा. मी तुम्हाला काही करणार नाही. शप्पथ."

गौराबाई आणखीच सावध झाली. पोलीसपाटीलही आधी असंच गोड बोलतो. बाजूला भिंतीला टेकून सोनी खोकत होती. उद्यापासून अंडं बंद झालं तर पोरीचं काय? तिने सोनीला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"या पोरीची आन. त्याच सहा हायत."

साहेबाने तसं लिहिलेला कागद पुढे केला. गौराबाईने अंगठा उठवला, साक्षीला गजाने सही केली. साहेबाने शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कागद खिशात टाकला.

"झालं समाधान, डॉक्टर? आता तरी अर्ज करायचे थांबवा," असं म्हणून तो जीपमध्ये बसला. जीप गेली.

गौराबाईच्या जिवाचा घोर गेला. हिय्या करून तिने विचारलं, "आता अंडी आमचीच ना, डॉक्टरसाहेब? मोजायला नाय ना येणार परत?"

"नाही येणार," डॉक्टर म्हणाले. ते सोनीकडे बघत होते. "तीन महिने रोज दुवा मागत होतो बाई, यातल्या दोन तरी या धुराने मराव्यात म्हणून. तेवढ्यावर या कारखान्याला कुलूप लागणार होतं."