डावी बाही

"कॅन्सर चालतो की पळतो?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने भर वर्गात विचारलंच. सगळ्या फिदीफिदी हसल्या. विज्ञानाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वाहतो. गाठीतून पेशी सुटतात, लसीका नावाच्या द्रवाच्या बारीक नळ्यांतून पुढे जातात. स्तनातून निघाल्या, तर पहिला मुक्काम बहुधा काखेत. तिथे गाठ लागली, की लगेच तपासून घ्यायचं." "म्हणजे काखेत कळसा!" तिने टोला हाणला. "गावाला वळसा!" वर्ग ओरडला. घरी आली, तेव्हा शिवणकाम करणारी आई स्वतःच्या ड्रेसची डावी बाही उसवत होती. परवाही एक उसवली होती, तीही डावीच. "काखेत काचतंय गं," आई म्हणाली. "कापड आटलं असेल," बाबा पेपरातून बोलले. तिने बाही हातात घेतली. "एकाच बाजूने कसं आटेल, बाबा? उद्या मी शाळा बुडवणार, आणि आपण तिघं डॉक्टरकडे जाणार."