मामाने आपटलेलं जहाज

प्रेमराजमामाने जहाज दुसऱ्यांदा धक्क्यावर आपटलं, तेव्हा झोक्यावरच्या पोरीसुद्धा उतरून खिडकीशी आल्या.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण. या दिवशी जळगावजवळच्या असोद्यात लेकीबाळींनी झोके घ्यायचे आणि बाप्यांनी पत्ते कुटायचे, असा शिरस्ता. पण नवलभाऊंच्या ओसरीत पत्ते तसेच पडून होते आणि बापे कॉम्प्युटरभोवती माना उंचावून उभे होते. मोठ्या जहाजांना ढकलत-ओढत धक्क्याला लावणारी ठेंगणी, दणकट बोट असते, तिला टग म्हणतात. मामा मुंबईच्या बंदरात खराखुरा टग चालवतो. आणि त्याची भाची दिपमाला टगचा गेम खेळते. कुठे, तर जिथे पाणी म्हणजे केळीच्या बुडाशी पडणारं ठिबक! उरणला बोटीवरचं काम शिकवतात, तिथे तिचा नंबर लागला होता. सोमवारी हजर व्हायचं. तिच्या वडिलांनी, नवलभाऊंनी, निकाल मेहुण्यावर, म्हणजे मामावर सोपवला. तो म्हणाला जमेल, तर जा; नाही म्हणाला, तर विषय संपला.

आणि तो निकाल देणाराच तिच्या गेममध्ये जहाज आपटत होता.

"हे बठ्ठं खोटं आहे," मामाने कपाळ पुसलं. "बोटीचा जोर मले पायाखाली कळतो. इथं पायाखाली फरशी. मले कळावं कसं?"

"मामा, उठा!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. "जळगावच्या रिक्षावाल्याले बसवा, तो लावीन!"

हशा पिकला. मामा चिडला. नवा डाव लावला, आणि पुन्हा आपटलं.

नवलभाऊंचा जीव मात्र भांड्यात पडला. "ऐकलं ना दिपे? मामा म्हणतो, खोटं आहे. एवढे दिवस डोळे फोडून तू खोटंच शिकली. आता संपलं. पत्ते पिसा रे."

दिपमालाला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग.

"खोटं आहे, ते मले मामाच्या आधीपासून माहीत आहे, आबा," ती म्हणाली. "सरक मामा."

ती खुर्चीवर बसली. टग जहाजाजवळ नेला, दोर बांधला, आणि मुद्दाम टग आडवा धरून इंजिनाचा पुरा जोर लावला. चालतं जहाज टगला आडवंच ओढत निघालं. टग आपला शहाण्या वासरासारखा मागे मागे.

"आता सांग, खऱ्या टगचं काय झालं असतं?"

मामा पडद्याशी वाकला. त्याचा चेहरा पालटला. "पालथा," तो म्हणाला. "पाह्यता पाह्यता पालथा. माणसं आत राहतात, बाई. तुले कोणी सांगितलं हे?"

"सांगाले कशाले पाहिजे? गिरधरकाकाची केळीची ट्रॉली काळ्या मातीत रुतली होती. काकाने दोर आडवा बांधला, हिसका दिला, आणि ट्रॅक्टरच कलंडला. अख्खं असोदं पाह्याले गेलं होतं."

गिरधरकाका तिथेच उभे होते. त्यांनी पत्ते पिसायला घेतले.

"त्या दिवशी घरी येऊन गेममध्ये तसंच केलं. टग काही पालथा झाला नाही. तेव्हाच समजले, हा गेम मले लाडावून ठेवतो. दोर तुटत नाही, कोणी बुडत नाही, चुकलं की नवा डाव. अरे, खोट्याचा कंटाळा आला म्हणून तर जायचं आहे मले!"

मामाने खाली मान घातली.

"टग येईन तुले," तो अखेर म्हणाला. "पण टगवर बठ्ठे बापे. एकही बाई नाही."

"म्हणून नाही म्हणतो?"

"म्हणून."

"मग इतका वेळ त्या गेमच्या नावानं खडे कशाले फोडत होता?"

"दिपे, तोंड आवर!" नवलभाऊ कडाडले.

"आवरते. पण सोमवारी जाते."

मामाही आता तापला. "हट्ट नको करू पोरी. तो दोर मांडीएवढा जाड असतो. बाई पाहत नाही, बाप्या पाहत नाही. ओढणी सापडो, बांगडी सापडो, माणसाले घेऊनच जातो."

दिपमाला उभी राहिली. गळ्यातली ओढणी काढली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. मग हातातल्या सणाच्या नव्याकोऱ्या बांगड्या ओढायला लागली. मनगट वळवून, ओठ दाबून, बापाच्या आणि साऱ्या भावकीच्या डोळ्यांदेखत. एक बांगडी काढताना तडकली, बोटाला रक्त आलं.

"बाई गं, सणाच्या दिवशी!" स्वयंपाकघराच्या दारातून आई कळवळली.

दिपमालाने बांगड्या पत्त्यांच्या शेजारी ठेवल्या. मोकळे हात मामाच्या पुढे धरले.

"आता सांग. दोर मले कुठं धरीन?"

नवलभाऊ मेहुण्याकडे बघत राहिले. मेहुणा भाचीकडे. पायांपासून डोक्यापर्यंत त्याने तिला नीट न्याहाळलं.

"वेणी," मामा म्हणाला. "टोपीत खोचत जा. रोज."