गृहभेट

“उद्या नाही, बाई. आजच चला,” नायारेत म्हणाली.

ओरिएता बाई चहाचा पेला घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. बाल-संरक्षण हा विषय त्या शिकवत. नुकत्याच संपलेल्या तासाला त्यांनी मुलांच्या अंगावरच्या खुणा कशा वाचायच्या ते सांगितलं होतं. पडल्यावर गुडघा फुटतो, कोपर सोलवटतं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटं उमटत नाहीत. एवढं ऐकून नायारेत वर्गातून उठून गेली होती. परतली ती तोंड धुऊन, आणि तास संपताच थेट बाईंच्या मागे.

“मुलगी किती वर्षांची?”

“सात. रायेन नाव. आमच्याच टेकडीवर राहते.”

“खुणा तू स्वतः पाहिल्यास?”

“पाहिल्या.”

“मग उद्या सकाळी कचेरीत कळवू. नियम आहेत, मुली. आपण काही पोलीस नाही.”

“उद्यापर्यंत माझा धीर टिकायचा नाही.”

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. वर्गातल्या पोरींहून ही मोठी. सकाळी मासळीच्या कारखान्यात काम, दुपारी कॉलेज. शेवटच्या बाकावर बसायची, कुणात मिसळायची नाही. पण आजवर कशासाठी तिने हट्ट केला नव्हता. बाईंनी पेला ठेवला आणि कोट उचलला.

टेकडीवर जाणारी लिफ्ट बंद होती.

“आपल्या वालपराइसो शहरातली लिफ्ट,” बाई म्हणाल्या, “पर्यटकांच्या फोटोत तेवढी चालते.”

नायारेत हसली नाही. दोघी पायऱ्या चढू लागल्या. समुद्रावरून वारा सुटला होता आणि घरांचे पत्रे खडखडत होते. वळणावर पावाच्या दुकानातून म्हाताऱ्या एलेउतेरिओंनी हाक मारली, “नायारेत, आज लवकर सुटलीस? ताजा पाव आहे, घेऊन जा!” तिने मान न वळवताच हात हलवला.

“घरात कोण कोण असतं?” बाईंनी धापा टाकत विचारलं.

“आई आणि मुलगी. बाप उत्तरेला खाणीवर गेला, तो गेलाच.”

“मग मारतं कोण?”

नायारेत दोन पायऱ्या पुढे गेली. “आई.”

“दारू पिते?”

“नाही. दमून येते. काहीतरी सांडलेलं असतं, राहिलेलं असतं. मग तिचं तिलाच कळत नाही.”

“कळतं गं. सगळं कळतं,” बाई फटकन म्हणाल्या. “अशा बायका मी ढिगाने पाहिल्यात. दारात इतकं गोड बोलतील की आपल्यालाच लाज वाटावी. तू ओळखतेस तिला?”

“लहानपणापासून.”

“आणि कधी शंका आली नाही?”

“लोक म्हणायचे, कष्टाळू आहे, एकटीने पोर वाढवते. मलाही तेच खरं वाटायचं. आजपर्यंत.”

एक कुत्रा पायांत घोटाळत आला. नायारेतने त्याला हाकललं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“घाबरलीस?” बाईंचा आवाज मऊ झाला. “तू सांगितलंस हे तिला कळेल, मग शेजारी राहणं कठीण जाईल. याचा विचार केलायस?”

“तिला कळलंय.”

“काय? तू आधीच बोललीस तिच्याशी?” बाई थबकल्या. “अगं, हेच करायचं नसतं! आता ती पोरीवर राग काढेल. घरी आहे का ती?”

“मुलगी शाळेतून आली की एकटीच असते. पण आपण पोचू तेव्हा आई असेल.”

बाईंनी कोटाच्या खिशातला फोन चाचपला. आता त्याच पुढे झाल्या, भराभर चढू लागल्या. नायारेत मागून आली.

“बाई, मुलीला घेऊन जातील ना?”

“नातेवाईक आहे कुणी?”

“मावशी आहे, किल्पुए गावात. जीव लावते.”

“मग तिच्याकडे ठेवतील.”

“आणि आई? अशा सुधारतात कधी?”

“काही सुधारतात. आधी कबूल करावं लागतं. ते सहसा कुणी करत नाही.”

गल्लीच्या टोकाला पिवळ्या पत्र्याचं घर होतं. नायारेतने बोटाने दाखवलं आणि ती एक पायरी खालीच थांबली. पदवीनंतरच्या पहिल्या गृहभेटीपासून बाई करत आल्या होत्या तेच त्यांनी केलं: श्वास घेतला, चेहरा सैल सोडला, हलकेच दार वाजवलं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

“रायेन? मी ओरिएता. भिऊ नकोस, बाळा. आम्ही तुला मदत करायला आलोय.”

दार किलकिलं झालं. एवढ्या उन्हात मुलीने लोकरी स्वेटर घातला होता, बाह्या मनगटांपर्यंत ओढलेल्या. बाई गुडघ्यांवर बसल्या, हसल्या, हात पुढे केला.

मुलीने तो हात पाहिलाच नाही. ती बाईंच्या खांद्यावरून मागे बघत होती. बघता बघता ती भिंतीपर्यंत सरकली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

“सगळी भांडी घासलीत मी, आई,” ती म्हणाली. “खरंच घासलीत.”