पिळदार

बाथरूमची कडी खट्कन लागली आणि दुपारच्या शांत घरात तिच्या जिवाची पुन्हा आग आग झाली.

गेले काही महिने हेच चाललं होतं. नवऱ्याचे दंड भरले, शर्ट तटतटायला लागले, शेजारणी माना वळवून बघायला लागल्या. आणि हा मात्र हिच्या अंगाला बोट लावेना. घरातली भूक मेली म्हणजे बाहेर कुणीतरी वाढतंय, हे का तिला कुणी सांगायला हवं होतं? त्याच्या शर्टांचे वास घेऊन झाले, फोन चाळून झाला. आज मात्र तिने दारच बडवलं.

"कोण आहे ती भवानी? नाव सांग!"

दार उघडलं. त्याच्या हातात सुई होती आणि मांडीवर रक्ताचा थेंब.

"कुणी नाही गं. हे जिममधून आणलेलं इंजेक्शन आहे. माझ्या धाकट्या भावाने एकट्याने कपाट उचललं, तेव्हा तू म्हणालीस ना, 'पुरुष असावा तर भाऊजींसारखा!' तेच डोक्यात बसलं." तो मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, बाहेरून एवढं मिळाल्यावर शरीराने स्वतःचं पुरुषी हार्मोन बनवणंच सोडलं. म्हणून तुझ्याजवळ यायची लाज वाटते. आणि हे थांबवलं, तर मी पुन्हा तुझा काडीपैलवान."

एवढ्यात झोपेतून उठून आलेली लेक तिच्या पायाला बिलगली.

"आई, इंजेक्शन घ्यायच्या आधी बाबांना काय झालं होतं?"